वाजवणाऱ्याला काय म्हणायचं

ब्राझीलच्या साल्वादोर शहरात पहिल्यांदा ढोलापाशी उभी राहिले, त्या संध्याकाळी दहा मिनिटांत मेस्त्रींनी माझ्या हातातली टिपरं काढून घेतली.

पुण्यात मी नऊ वर्षं पथकात ढोल वाजवलाय. विसर्जनाच्या दिवशी कमरेला ढोल बांधून सहा-सहा तास लक्ष्मी रोडवर चालणं, तळहाताला फोड येऊन ते तिथेच फुटणं, दुसऱ्या दिवशी कानात नुसता नाद भरून राहणं, हे सगळं अंगात मुरलेलं. कामाच्या निमित्ताने सात महिने ब्राझीलच्या बाहिया राज्यात जायचं ठरलं, तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की तिथे जाऊन ढोल शिकायचा. दिवसभर कामासारीच्या औद्योगिक पट्ट्यात काम, संध्याकाळी बसने साल्वादोर, आणि आठवड्यातून दोनदा पेलोरिन्यू या जुन्या वस्तीच्या मागच्या उतारावरची एक गल्ली. बंद पडलेल्या दुकानाचं शटर वर केलेलं असायचं आणि आत वीस-बावीस माणसं ढोल बांधत असायची. शाळेच्या गणवेशातली पोरं, एक बसचालक, भाजी विकणाऱ्या दोघी बहिणी, पासष्टी ओलांडलेली एक आजी. तिला सगळे ‘तिया’ म्हणायचे, म्हणजे मावशी किंवा आत्या.

मला मिळाला सुर्दू. धातूचा मोठा, खोल आवाजाचा ढोल. पट्ट्याने कमरेला अडकवायचा आणि वरच्या पानावर दोन्ही हातांनी, मऊ बोंडांच्या टिपरांनी वाजवायचा. इशारा झाला आणि मी पुण्यात मारतात तसे ठोके मारले, जोरात आणि चढत्या लयीत. मेस्त्री चालत आले. त्यांनी माझ्या ढोलाच्या पानावर अख्खा तळहात टेकवला. आवाज मेला. मग टिपरं घेतली, पायरीकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘‘आज बसून ऐक.’’

मी तासभर बसून होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

‘मेस्त्री’ हा शब्द मी सवयीने लिहून गेले, पण तो तिथलाच आहे. पोर्तुगीजमध्ये ढोलाच्या, कापोएरा या नाचासारख्या झुंजकलेच्या किंवा कुठल्याही हुन्नराच्या गुरूला ‘मेस्त्रे’ म्हणतात आणि बाहियाच्या तोंडी त्याचं ‘मेस्त्री’ होतं. आपल्याकडे सुताराला, गवंड्याला मेस्त्री म्हणतात, तो हाच शब्द, गोव्याच्या बाजूने आलेला. पहिल्या आठवड्यात तर मला अशा ओळखीच्या शब्दांचंच अप्रूप होतं. घराची चावी, ताटातला बटाटा, सगळं तिथेही तेच; ‘पगार’ तर तिथे ‘पैसे देणं’ या अर्थाने. घरमालकीणबाईंच्या परसात फणस होता. फणसाला त्या ‘जाका’ म्हणायच्या. फणस आणि आंबा आपल्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजांतून तिकडे गेले आणि तिकडचा काजू गोव्यात आला. लिस्बन ते गोवा या वाटेवरची पुष्कळ जहाजं साल्वादोरच्या बंदरात थांबत.

पुढे एक दिवस ‘त्रोंको’ हा शब्द कानावर आला. आपला ‘तुरुंग’ यातूनच आला. ब्राझीलमध्ये त्रोंको म्हणजे गुलामाला जखडून ठेवायचा लाकडी खोडा. आणि मी ज्या पेलोरिन्यूच्या उतारावर ढोल शिकायला जात होते, त्या ‘पेलोरिन्यू’चा अर्थ फटके मारायचा खांब. त्या दिवसानंतर शब्दांच्या गमतीतली गंमत गेली.

साल्वादोर ही १५४९ ते १७६३ या काळात पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांचा आकडा सुमारे ४८ लाखांचा आहे. आज जो संयुक्त अमेरिकेचा भाग आहे, तिथे थेट आफ्रिकेतून नेलेली माणसं चार लाखांच्या आसपास. म्हणजे ब्राझीलचा आकडा त्याच्या बारापट. अमेरिका खंडांत गुलामगिरी सगळ्यात शेवटी बंद झाली तीही ब्राझीलमध्येच, १८८८ साली. आणि त्यानंतरही ढोल मोकळा झाला नाही. योरुबा, फोन, बांटू अशा नाना मुलखांतल्या माणसांनी आपापले देव एकत्र करून जपले, त्या उपासनेला कांदोम्ब्ले म्हणतात. तिच्या ठाण्यांवर विसाव्या शतकातही पोलिसांच्या धाडी पडत आणि ढोल जप्त होत. बाहियात कांदोम्ब्लेच्या विधीसाठी पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा लागे, तो १९७६ पर्यंत. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा तरुण होत्या. देवापुढे ढोल वाजवायचा म्हणून त्यांची आई पोलीस ठाण्यात जाऊन रांगेत उभी राहायची, हे त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या, आवाज न चढवता.

कांदोम्ब्लेच्या ठाण्यांत तीन ढोल असतात. उंच, निमुळते, हाताने किंवा काडीने वाजवायचे. त्यांना अताबाकी म्हणतात आणि तिघांना स्वतंत्र नावं आहेत: रुम, रुम्पी आणि ले. रुम सगळ्यात मोठा, नाचणाऱ्या देहाशी बोलणारा. बाकीचे दोन लय धरून ठेवतात आणि लोखंडी अगोगो घंटा त्या लयीला वाट दाखवते. या ढोलांना नैवेद्य असतो. येणारा माणूस आधी जमिनीला बोटं लावून कपाळाला लावतो, आपण रंगमंचावर पाऊल टाकताना लावतो तशी. वाजवणाऱ्यांच्या प्रमुखाला ‘अलाबे’ म्हणतात. तो मान असतो, ठाण्यातलं एक पद. देव येतो तो या माणसाच्या हातून बोलावला म्हणून येतो, अशी तिथली धारणा आहे. मग त्याला मान देणार नाहीत तर कुणाला देणार?

वर्गातही हे पाझरत आलं होतं. शटर अर्धं खाली ओढून निघताना प्रत्येक जण, सात वर्षांचं पोरसुद्धा, मेस्त्रींसमोर जाऊन ‘‘मेस्त्री, येतो’’ म्हणायचं आणि मेस्त्री त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. हे मेस्त्री दिवसा रंगकाम करायचे. नखांत रंग असायचा. पण गल्लीतून जाताना दुकानदार त्यांना नावाने हाक मारत नसत.

तिसऱ्या खेपेला मला पुन्हा उभं केलं. एकच ठोका दिला. साम्बा-रेगे ही या रस्त्यांवरची चाल. त्यात खोल आवाजाचे दोन सुर्दू एकमेकांशी बोलतात. पहिला पडतो, दुसरा उत्तर देतो, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत बाकी सगळे खेळतात. बारीक लवचीक काड्यांनी वाजणारा रेपीक, ज्याला ते ‘हेपीकी’ म्हणतात, तो तर थेट आपल्या ताशाचा भाऊ. तशीच तर्री, तसाच तडतडाट. काइशा नावाचा तारांचा ढोल सतत दाणे पाखडल्यासारखा आवाज करत राहतो. मला मिळाला दुसरा सुर्दू. उत्तर देणारा. पहिल्याचा ठोका पडेपर्यंत हात वर धरून थांबायचं.

पुण्यात मला कुणी थांबायला शिकवलं नव्हतं. आमच्या वादनाचा जीवच चढत जाण्यात आहे आणि ती झिंग मला आजही प्रिय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन ठोक्यांच्या मधली मोकळी जागा ही रिकामी नसते, तिथे दुसरं कुणी तरी बोलत असतं, हे कळायला मला मेस्त्रींच्या गल्लीत सहा आठवडे लागले. ते तोंडाने बोल म्हणायचे, आपले तबलजी म्हणतात तसे. आधी तोंडाने, मग पायाने, आणि शेवटी हाताने. पाय डावीकडे-उजवीकडे झुलत नसतील, तर हात कितीही बरोबर पडला तरी ते मान हलवायचे. तिकडे नाच आणि ढोल असे दोन वर्ग नाहीतच. वाजवणारा टिपरं डोक्यावरून फिरवत नाचत असतो आणि नाचणारीच्या टाचेतून ठोका पडत असतो. शेजारच्या सभागृहात आफ्रो नृत्याचा वर्ग चालायचा, त्यात जिवंत ढोल असायचेच. यान्सां देवीच्या हाताने वारा सारणं, ओगुम देवाच्या हाताने वाट कापत जाणं, ओशुम देवीने पाण्यात स्वतःला बघणं. तास संपला की नाचणारे सगळे वळून ढोलवाल्यांसमोर वाकायचे.

एकदा मी भाबडेपणाने मेस्त्रींना विचारलं, ठाण्यात देवासाठी वाजवतात ते ठोके मला शिकवाल का? फोन हातात तयार होता, ध्वनिमुद्रण करायला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘रस्त्यावरचं सगळं घेऊन जा, मुली. रस्ता सगळ्यांचा आहे. ते घरातलं आहे.’’

पुढे कधी मी ते पुन्हा मागितलं नाही.

या रस्त्यावरच्या ढोलाची आणि शाळेची गाठ कशी पडली, ते सांगायला हवं, कारण मला तिथे सगळ्यात जास्त हलवून टाकलं ते याच गोष्टीने. १९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. ऐंशी टक्के माणसं आफ्रिकी वंशाची असलेल्या या शहरात कार्निव्हलचे मोठे ताफे मात्र गोऱ्यांचे. काळी माणसं त्यात असायची, पण ताफ्याभोवतीचा दोर धरायला. पथकाभोवती दोर धरणारी पोरं आपल्याकडेही असतात; कुणाच्या हातात ढोल आणि कुणाच्या हातात दोर, हे पाहायची नजर मला तिथे आली. तर लिबेरदाजी या वस्तीतल्या कुरुझूच्या चढणीवर काही तरुणांनी १९७४ मध्ये स्वतःचा ताफा काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘इले आये’, योरुबात जगाचं घर. १९७५ च्या कार्निव्हलमध्ये ते पहिल्यांदा उतरले. ताफ्यात फक्त काळी माणसं, डोक्याला आफ्रिकी फेटे, आणि ओठांवर आम्ही कोण आहोत ते बघायला या असं म्हणणारं गाणं. एका वर्तमानपत्राने त्यांनाच वंशद्वेष्टे म्हटलं. अटक होईल या भीतीने कित्येकांच्या आया पोरांना सोडायला तयार नव्हत्या. संस्थापकांपैकी वोवो यांची आई, माई इल्दा, कांदोम्ब्लेच्या ठाण्याची प्रमुख. ती म्हणाली, मी तुमच्याबरोबर चालते. आणि चालली.

त्यानंतर दरवर्षी इले आये एक विषय घेतात. कधी आफ्रिकेतला एखादा देश, कधी ब्राझीलमधला एखादा उठाव. त्यावर पुस्तिका निघतात, गाणी लिहिणाऱ्यांची स्पर्धा होते, कापडाची नक्षी त्यावरून ठरते. म्हणजे कार्निव्हलच्या आधी सहा महिने अख्खी वस्ती तो इतिहास शिवत, गात, वाजवत असते. १९८८ मध्ये माई इल्दांच्या ठाण्यातच मुलांची शाळा सुरू झाली. ओलोदुम हा दुसरा ताफा १९७९ चा, पेलोरिन्यूचा. तेव्हा पेलोरिन्यू पडक्या घरांची, बदनाम वस्ती होती. नेगिन्यू दो साम्बा हे थोर मेस्त्री आधी इले आयेमध्ये आणि मग ओलोदुममध्ये होते. साम्बा-रेगेला तिचं आजचं रूप दिलं ते त्यांनी. १९८७ च्या कार्निव्हलला ओलोदुमने इजिप्त हा विषय घेतला. फॅरोंचा देश आफ्रिकेत आहे ही साधी गोष्ट ज्यांच्या पाठ्यपुस्तकाने नीट सांगितली नव्हती, ती हजारो माणसं रस्त्यावर ओसिरिस देवाचं नाव घेत नाचली. वर्गातल्या तिया त्या वर्षी तिथे होत्या. ‘‘मला लिहिता येत नव्हतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण राजांची नावं पाठ होती.’’ पुढे १९९३ मध्ये नेगिन्यू दो साम्बांनी बायकांसाठी दिदा हे पथक काढलं, कारण मोठा सुर्दू बाईच्या कमरेला शोभत नाही असं तिथेही म्हणत. आफ्रिकेचा आणि आफ्रो-ब्राझिलियन लोकांचा इतिहास शाळेत शिकवणं ब्राझीलमध्ये कायद्याने सक्तीचं झालं ते २००३ मध्ये. ढोलवाल्यांनी त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी ते सुरू केलं होतं.

कार्निव्हलच्या शनिवारी रात्री कुरुझूची चढण चढून गेले. इले आये निघायच्या आधी ठाण्याच्या दारात विधी होतो. पांढरी कबुतरं सोडतात आणि माणसांवर मक्याच्या लाह्या उधळतात. लाह्या! ओबालुआये हा रोगराईचा आणि बरं करण्याचा देव, देवीच्या व्रणांनी भरलेलं अंग गवताच्या झुलीखाली झाकणारा. लाह्या ही त्याची फुलं. माझ्या आजीच्या तोंडी ‘देवी आल्या’ हा शब्दप्रयोग असायचा, आजाराला देवीच म्हणायची ती. माझ्या केसांत अडकलेली एक लाही मी काढली नाही, रात्रभर तशीच राहू दिली.

मी ताफ्यात नव्हते. इले आयेच्या ताफ्यात काळी माणसंच चालतात आणि तसंच असावं. वर्गातल्या दोघी बहिणी लाल-पिवळ्या कापडात, डोक्यावर उंच फेटे बांधून माझ्यासमोरून गेल्या. रोज टोपलीमागे वाकून बसलेल्या मी पाहिलेल्या त्या बायका. मान अशी की वरच्या सज्जातल्या माणसांनी खाली बघावं. मी कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि मला मनापासून वाटत होतं, माझी जागा आज हीच.

माझी जागा दुसऱ्या दिवशी निघाली, मी कल्पनाही केली नव्हती अशा ठिकाणी.

साल्वादोरच्या गोदी कामगारांनी १९४९ मध्ये एक ताफा काढला. आदल्या वर्षी जानेवारीत गांधीजींची हत्या झाली होती. बातमी बंदरात पोचली होती. काम नव्हतं, संघटनेवर सरकारचा डोळा होता, आणि या काळ्या हमालांनी ठरवलं की कार्निव्हलला आपण शांततेने निघायचं, अंगाला पांढऱ्या चादरी गुंडाळून, गांधींची लेकरं म्हणून. ‘फिल्यूस दे गांधी’ हे त्याचं नाव. आज कित्येक हजार पुरुष त्यात चालतात. पांढरा अंगरखा, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, आणि डोक्याला टॉवेलचा फेटा. हे फेटे पेलोरिन्यूच्या रस्त्यांवर बायका माणसाच्या डोक्यावरच सुई-दोऱ्याने शिवून देतात. माळांतला पांढरा रंग ओशाला या देवाचा, निळा ओगुमचा. हवेत लव्हेंडरचा वास. आणि लय इजेशाची, ठाण्यातून रस्त्यावर आलेली. घंटेच्या दोन सुरांवर झुलणारी, इतकी संथ, की त्या आठवडाभराच्या गदारोळात ती ऐकू आली की माणसं आपोआप आवाज खाली करतात.

मेस्त्री त्यात तीस वर्षं चालत आलेत. त्यांनी मला एका म्हाताऱ्या गोदी कामगारापुढे नेऊन उभं केलं आणि सांगितलं, ही भारतातून आलीय. त्या माणसाने माझे दोन्ही हात हातात घेतले. पुढे एक चष्मा घातलेला, गांधींसारखा दिसणारा माणूस काठी घेऊन चालला होता. ‘‘तू गांधींच्या गावची?’’ त्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं.

मी हो म्हणाले. आणि ते हो माझ्या घशात अडकलं. मी पुण्याची. गोळ्या झाडणारा माणूस पुण्यात वर्तमानपत्र चालवायचा. माझ्या शहरात मी गांधींची टिंगल ऐकत मोठी झाले, लग्नाच्या पंगतींत, कट्ट्यांवर. आणि सातासमुद्रापार, ज्यांच्या पणजोबांना खोड्यात घालून फटके मारले, ते लोक सत्तर वर्षांहून जास्त काळ त्या माणसाचं नाव डोक्याला फेटा बांधून मिरवतायत. मी त्या आजोबांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी आपल्या गळ्यातली एक माळ काढून माझ्या गळ्यात घातली. ती आता माझ्या देव्हाऱ्यात आहे.

निघायच्या आधीच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर मेस्त्री शटरपाशी बसून होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आमचे लोक आहेत का? मी सांगितलं ते असं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जंजिऱ्याचा सिद्दी असतो, शिवाजी महाराजांना किल्ला न देणारा. मलिक अंबर असतो, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर होऊन १६२६ मध्ये वारलेला. मुलं परीक्षेत त्यांची नावं लिहितात आणि ते आफ्रिकेचे होते, हे विसरतात. कारवारच्या वरच्या अंगाला, यल्लापूर-हल्याळच्या रानांत सिद्दींची गावं आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांकडून पळून आलेले. ते कोकणी बोलतात आणि दमाम नावाचा ढोल वाजवून नाचतात. मेस्त्रींनी ‘दमाम’ हा शब्द तोंडात दोनदा घोळवून पाहिला. ‘‘तू ऐकलायस?’’ नाही, ऐकला नव्हता. पुण्याहून ते एका रात्रीच्या बसचं अंतर आहे.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. ‘‘तुमच्याकडे ढोल वाजवणाऱ्याला काय म्हणतात?’’

‘‘वादक.’’

‘‘तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलींच्या आधी कोण वाजवत होतं? त्यांना काय म्हणायचे?’’

पुण्यातल्या पथकांच्या आधी मिरवणुकीत मुळशी-मावळच्या गावांतली ढोल-लेझीम पथकं यायची, हे मी सांगू शकले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं ते माझं गाव, सांगलीकडचं. तिथे जत्रेला, वरातीला, कुस्तीच्या मैदानात हलगी वाजते. हलगी वाजवणारा मांगवाड्यातून यायचा. वस्तीचं नाव आता बदललंय, तेव्हा आम्ही हेच म्हणायचो. तो माझ्या आजोबांहून वयाने मोठा होता. त्याच्या हलगीशिवाय पालखी उचलत नसत. पालखी देवळात गेली की तो पायरीखाली थांबायचा. आजी त्याच्या पसरलेल्या धोतरात भाकरी वरून टाकायची. आणि मी, सात-आठ वर्षांची, ओसरीवरून ओरडायचे, ‘‘ए, वाजव की!’’ तो हसून वाजवायचा.

मेस्त्रींना मी हे पोर्तुगीजमध्ये सांगितलं. मोडक्या पोर्तुगीजमध्ये ‘ए’ कसं सांगायचं ते मला कळेना, कारण त्यांच्याकडे असा शब्दच सापडेना. शेवटी मी मराठीतच म्हणून दाखवलं, तेव्हा सूर ऐकून ते समजले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर एवढंच विचारलं, ‘‘त्यांची मुलं आहेत?’’

आहेत. ते स्वतः गेले, त्याला वीस वर्षं झाली. मुलगा आता साठीचा आहे. परत आल्यावर पुढच्या चैत्रात जत्रेला गेले, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. ‘‘आबा, बसू का?’’ ते गडबडले. ‘‘ताई, तुमी हितं कशाला, म्या वर येतो की वाड्यावर.’’ मी दारातल्या दगडावर बसले. पाच-सहा मिनिटं दोघांनाही बोलता येईना. घरातून सूनबाईंनी चहा आणला, तो प्यायल्यावर जरा सैल झालं.

त्यांनी चिपाडं पेटवली आणि हलगी शेकायला घेतली. जाळाच्या जवळ धरायची, फिरवायची, कातड्यावर बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा धरायची. कान सगळा त्या टिचकीकडे. नातू दहाएक वर्षांचा, शेजारी बसून बघत होता. त्याला आजाने अजून काडी हातात दिली नव्हती. मी विचारलं, मला शिकवाल का? आबा म्हणाले, ‘‘आमच्या पोरास्नी नको झालीया, ती म्हणत्यात ह्यात मान न्हाई. अन् तुमी शिकणार?’’ त्यांचा मुलगा साताऱ्यात गाडी चालवतो. हलगी सोडून दे, असं तो बापाला दर दिवाळीत सांगतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. त्यावर बोलायचा अधिकार मला नाही. मी म्हटलं, आज नुसती ऐकते.

मग फोन काढला आणि मेस्त्रींच्या गल्लीतला सराव लावला, जो त्यांनी मला नेऊ दिला होता तो. आबांनी फोन कानाशी धरला. नातवाने दुसऱ्या बाजूने कान लावला. ‘‘लई मोठा ढोल हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘दोन हाईत. एक बोलतोय, एक वं म्हंतोय.’’

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. 

त्यांनी फोन दगडावर ठेवला, हलगी छातीशी घेतली, डाव्या हातात लांब बारीक काडी, उजव्यात आखूड टिपरू. दोन फेऱ्या जाऊ दिल्या. तिसऱ्या फेरीला पहिला सुर्दू पडला, आणि दुसरा जिथे पडतो तिथे आबांची हलगी पडली.